औषधाचे कपडे

"काय औषध घेतलं हिनं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "बाळ अंगावर पितंय तिचं. डोकं फुटायची वेळ आली तरी साधी गोळी घेत नाही."

"आजी, मी गोळीचं विचारत नाहीये."

त्यांनी सुनेची पापणी वर करून बॅटरीचा उजेड टाकला. डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. तोंडातून लाळ गळत होती, घामानं ब्लाउज अंगाला चिकटला होता, आणि दंडावरचं मांस कातडीखाली आपलं आपणच उडत होतं.

"तसलं औषध," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लोक जीव द्यायला घेतात ते."

मला कळायला जरा वेळ लागला. कळलं तोवर खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते. सून खाटेवर तडफडतेय आणि सासू धडधाकट उभी आहे, म्हटल्यावर आणखी पुरावा लागतो कशाला?

मी कामावर जाणाऱ्या मुलींच्या वसतिगृहात मेट्रन होते. निवृत्त झाले तरी गल्लीत मला अजून मेट्रनच म्हणतात. तोंडावर पुढे बाई लावून, पाठीमागे न लावता. माझा आवाज मोठा आहे हे मला माहीत आहे. मजलाभर मुलींना अंघोळीच्या रांगेत उभं करायचं तर कुजबुजून भागत नाही. पण मोठा आवाज आणि काळं मन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे पटवून देण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय.

आम्हाला घेऊन आलेला रिक्षावाला शेजारीच राहतो. तो नर्सला हळूच म्हणाला, "सकाळी जरा आवाज झाला होता यांच्याकडे." हळूच म्हणजे मला ऐकू येईल इतपत.

झाला होता आवाज. सुनेनं धुण्याचा मोठा टब मोरीच्या दारातच ठेवला होता आणि मी त्याला अडखळले. "घर आहे का धोबीघाट?" असं मी म्हणाले. तीही काही कमी नाही. "मग एक दिवस तुम्ही धुवा," म्हणाली. त्यावर मी काय म्हणाले ते सांगत नाही, पण कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेलं असणार. हे आमचं रोजचंच. दहा मिनिटांनी ती चहा घेऊन आली आणि आम्ही दोघी ठकीचे डास मोजत बसलो.

ठकी म्हणजे माझी नात. अजून रांगतही नाही. पलीकडच्या दूधवाल्याची मुलगी तापानं गेली, तेव्हापासून सुनेनं डासांचा धसका घेतला होता. उठल्या उठल्या पोरीला उघडी करून अंगावरचा एकेक फोड बघायची. नवा दिसला की तोंड पाडून बसायची. रात्री मच्छरदाणीत हात घालून अंधारात चापट्या मारत राहायची, त्यानं पोर जागी व्हायची ते वेगळंच. अशी बाई पोर टाकून जीव देईल? मी हे बोलून दाखवलं. कुणी ऐकलं नाही.

"घरात ढेकणांचं, उंदरांचं, डासांचं काही असतं का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. एकीकडे इंजेक्शन देणं चालूच होतं. एक झालं, दुसरं झालं. नर्स सुनेच्या नाकातून नळी घालत होती.

"मुलगा पालिकेच्या डास मारायच्या टोळीत आहे. धुराचं मशीन चालवतो. पण घरी तो थेंब आणत नाही. डबे गोदामात असतात, कुलपात." हे मी ताठ मानेनं सांगितलं. आमच्या घरात पालिकेचा चमचासुद्धा येत नाही. पण त्या खोलीत त्याचा अर्थ वेगळाच निघाला. नर्सनं डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं, आणि बाहेर बसलेल्या हवालदाराला कुणीतरी आत बोलावलं.

हवालदार वयानं माझ्याच आसपासचा, पोट सुटलेला, बोलायला गोड. गोड बोलणाऱ्यांची मला भीती वाटते.

"बाई, घरी काही झालं होतं का?"

"झालं होतं. टबावरून."

"टबावरून?"

"टबावरून सुना मरायला लागल्या तर जगात एक सून उरणार नाही, हवालदारसाहेब."

त्यानं ते लिहून घेतलं नाही. मी मुलाला फोन लावला. दिवेलागणीची वेळ, म्हणजे मशीन खांद्यावर, आणि त्या धडधडाटात शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. वाजून वाजून फोन बंद झाला. पुन्हा लावला. सुनेच्या छातीतून घरघर ऐकू येत होती आणि माझ्या हातात ते निर्जीव यंत्र. मला रडू फुटलं असतं, पण हवालदारासमोर रडले तर तेही माझ्याच खाती जमा झालं असतं.

"पोटातून काहीच निघत नाहीये," नर्स म्हणाली. "नुसतं पाणी."

डॉक्टरीणबाई थांबल्या. त्यांनी सुनेच्या तोंडाजवळ वाकून वास घेतला. मग तिचा हात उचलून नाकाशी नेला, तळवा उलटला, कोपरापर्यंत हुंगत गेल्या.

"तोंडाला वास नाही. हाताला आहे," त्या म्हणाल्या. "आजी, आज हिनं हातानं काय काय केलं? सगळं सांगा."

"काय करणार? पोरीचं केलं. स्वयंपाक केला. धुणं धुतलं."

"कुणाचं धुणं?"

तेव्हा मला ती पिशवी आठवली.

आदल्या संध्याकाळी मुलगा भलत्याच कपड्यांत घरी आला होता. कुणाचा तरी ढगळ शर्ट, कुणाची तरी आखूड विजार. हातात गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी, तिच्यात त्याचे स्वतःचे कपडे. "टेम्पोत डब्याचं झाकण उडालं," म्हणाला. "पाठीवर औषध सांडलं. तिथंच टँकरखाली अंग धुतलं." मी त्याच्या अवताराला हसले. तोही हसला. सुनेनं पिशवी मोरीत ठेवली आणि सकाळी नळाला पाणी आल्यावर ते कपडे टबात भिजवले. त्याच टबाला मी अडखळले होते.

"पाणी न मिसळलेलं दाट सांडलं होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"ते मला नाही माहीत. औषध सांडलं म्हणाला."

"औषध, औषध!" त्या बाई एकदम उखडल्या. "कातडीतून आत जातं ते. हातानं चोळून धुतलंय हिनं. साबण आणा, हिचे सगळे कपडे उतरवा, हातमोजे घालून."

मी त्यांच्यावर रागावले नाही. उलट जरा बरं वाटलं, हे खोटं कशाला बोलू? सुनेनं काही घेतलं नव्हतं. मी कुणाला मारलं नव्हतं. मी हवालदाराकडे पाहिलं, 'आता बोला' अशा नजरेनं.

तेवढ्यात सून बोलली. डोळे मिटलेलेच होते, जीभ जड झाली होती.

"ठकीला पण... औषध..."

हवालदाराचं पेन टेकलं.

"काय म्हणाली?" नर्सनं विचारलं.

"मुलीलाही दिलं म्हणाली," हवालदार म्हणाला. त्याचा आवाज आता गोड राहिला नव्हता. "मूल कुठे आहे?"

मी सुनेच्या तोंडाला कान लावला. लाळ माझ्या गालाला लागली. "काय गं? ठकीला काय?"

"झबली... त्याच पाण्यात... डास नाही चावणार..."

सकाळी ती चहा घेऊन आली तेव्हा हसत होती. "आज एक युक्ती केलीय," असं म्हणाली होती, आणि मी टबाच्या रागात "तुझ्या युक्त्या तुझ्यापाशी" म्हणून विषय तोडला होता. युक्ती ही होती. औषधानं डास मरतात. मग औषधाच्या पाण्यातून काढलेलं झबलं घातलं की पोरीला डास शिवणार नाहीत. आमच्या घरात गेली कित्येक वर्षं त्या पदार्थाला दुसरं नावच नव्हतं. औषध मारायला जातो, औषध संपलं, औषधाचे कपडे. आणि औषध म्हटलं की कोण घाबरतं?

"मूल शेजारी आहे, शिवणवालीकडे," मी म्हटलं. "या रिक्षावाल्यांच्या बायकोकडे. तेच झबलं अंगात आहे तिच्या. दुपारपासून."

रिक्षावाला बायकोला फोन लावत बाहेर धावला. मी त्याच्या मागे, हवालदार माझ्या मागे. मागून डॉक्टरीणबाई ओरडत होत्या, "कपडे काढा! साबणानं धुवा! उघड्या हातानं नको! आणि लगेच घेऊन या!"

शिवणवाली फोन उचलेना. तिचा फोन नेहमी खिडकीत चार्जिंगला असतो आणि ती मशीनवर. रिक्षावाला एका हातानं हँडल धरून दुसऱ्यानं फोन कानाला लावत होता. "उचल गं बाई, उचल," असं तो बायकोला इतक्या काकुळतीनं कधी म्हणाला नसेल. सिग्नल लाल होता. हवालदारानं रिक्षातून हात बाहेर काढून गाड्या थांबवल्या आणि आम्ही घुसलो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. समोर पांढरा धूर. इतका दाट की दुकानाची पाटीसुद्धा दिसेना. आत मशीन धडधडत होतं आणि पोरं आरडाओरडा करत धुरात पळत होती. रोज पळतात. मी स्वतः कधी हटकलं नव्हतं. उलट म्हणायचे, पळू द्या, अंगाला लागलं तर डास चावायचे नाहीत.

मी उतरले आणि पदर तोंडाला लावून आत शिरले. घसा जळत होता. आवाजाच्या रोखानं जाऊन ज्या पाठीवर मशीनचा पट्टा दिसला तिच्यावर गुद्दा मारला. माझा मुलगाच होता. ती गल्ली त्याच्याकडेच होती. त्यानं मशीन बंद केलं, नाकावरचा रुमाल खाली ओढला.

"आई? तू इथे काय करतेस?"

"ठकीला विषबाधा झालीय," मी म्हणाले. विष हा शब्द मी पहिल्यांदाच वापरला. "शिवणवालीकडे. कपड्यांमधून."

त्यानं मशीन तिथंच टाकलं आणि पळत सुटला. माझे गुडघे काही पळण्याचे नाहीत, पण पळाले. शिवणवालीनं धुरामुळे दारंखिडक्या लावून घेतल्या होत्या. त्यानं दार लाथेनं उघडलं. मी उंबऱ्याशी पोचले तेव्हा ती बाई पोरीला त्याच्या हातात देतच होती. "अहो, दुपारपासून इतकी शहाण्यासारखी झोपलीय, हूं नाही की चूं नाही," असं कौतुकानं सांगत होती.

"हात लावू नकोस तिला!"

वसतिगृहात आग लागली होती तेव्हाही माझा आवाज इतका चढला नव्हता. मुलगा जागच्या जागी थिजला. हात पुढे पसरलेले तसेच.

"तुझ्या अंगावर तेच आहे. बाहेर हो."

"आई, माझी पोर आहे ती."

"म्हणूनच. बाहेर हो!"

तो मागे सरला आणि दाराबाहेर उभा राहिला. स्वतःचे हात अंगापासून लांब धरून. मला त्याची दया येत होती, पण तेव्हा दयेला वेळ नव्हता.

शिवलेले ब्लाउज घालून द्यायच्या प्लास्टिकच्या पिशव्या शिवणवालीकडे ढिगानं असतात. त्यातल्या दोन मी हातांवर चढवल्या. पोरीला कापडाच्या गठ्ठ्यावर ठेवलं. झबलं गळ्याशी लाळेनं चिंब झालं होतं. बंद सुटेनात, तेव्हा शिवणवालीच्या कात्रीनं गळ्यापासून खालपर्यंत कापलं. लंगोट कापला. टोपडं काढलं. सगळं सकाळचं धुतलेलं, कडक उन्हात वाळलेलं, घड्या नीट. नळाला पाणी नव्हतं. प्यायच्या पाण्याचं पिंप होतं, ते हवालदारानं उचलून आणलं. मी साबण लावत गेले, तो पाणी ओतत गेला. मानेच्या वळ्यांत, काखेत, कानामागे. आमची ठकी कोमट पाण्यालाही घर डोक्यावर घेणारी. त्या गार पाण्याखाली तिनं हातसुद्धा हलवला नाही.

"श्वास आहे," हवालदार म्हणाला. "आहे, बाई. थांबू नका."

शिवणवालीनं नवं कोरं अस्तराचं कापड फाडून दिलं. त्यात गुंडाळून आम्ही निघालो. मुलाला मी रिक्षात घेतलं नाही. तो मागून पळत येत होता. मी वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर थांबायला सांगितलं असतं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. एवढासा दंड आणि त्यात सुई. डॉक्टरीणबाई उजेड टाकून डोळ्यात बघत होत्या, पुन्हा इंजेक्शन, पुन्हा उजेड. कुणीतरी मला खुर्ची दिली. मी बसले नाही. मुलगा धापा टाकत आला तेव्हा सफाईवालीनं त्याला फाटकातच अडवलं, आवारातल्या नळाखाली बसवलं आणि त्याचे कपडे काठीनं उचलून पिशवीत टाकले. खिडकीतून मला तो दिसत होता, कुडकुडत अंग घासताना. मग मागे एक बारीक आवाज आला. मांजराच्या पिल्लासारखा. दुसऱ्यांदा आला तेव्हा मोठा होता, आणि तिसऱ्यांदा तो ठकीचा झाला.

"रडू द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रडायलाच हवंय मला."

तेव्हा मी खुर्चीत बसले आणि मनसोक्त रडले. हवालदार समोर होता. असू दे.

सकाळपर्यंत सुनेच्या डोळ्यांत ओळख आली. बाजूच्या खाटेवर ठकी सलाईन लावून झोपली होती. मुलगा रुग्णालयाचे ढगळ कपडे घालून दोन्ही खाटांच्या मध्ये उभा होता, अजूनही कशाला हात न लावता. सुनेनं पोरीकडे पाहिलं, सलाईनच्या नळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं.

हवालदार जबाब घ्यायला आला. तो रात्रभर तिथंच बाकावर होता, पण जबाब तर हवाच. "बाई," त्यानं तिला हळुवार विचारलं, "मुलीचे कपडे त्या पाण्यात कुणी घातले?"

"मी," मी म्हणाले. "मी घातले."

हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. तिचे शब्द त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकले होते. मी त्याच्याकडे रोखून पाहत राहिले. नाहीतरी गल्लीत मी बदनामच आहे, त्यात एकाची भर. पण या पोरीला पुढचं सगळं आयुष्य त्या झबल्यासोबत काढायला लागू नये. त्यानं पेन उघडलं.

"आई खोटं सांगताहेत," सून म्हणाली. आवाज घोगरा होता, पण शब्द स्वच्छ. "मी घातले. डास चावू नयेत म्हणून." तिचं तोंड वेडंवाकडं झालं. मी तिचा हात धरला. तिनं इतक्या जोरात दाबला की बांगडी रुतली. "साहेब, लिहा की ते विष आहे हे मला कुणी सांगितलं नाही. यांना तरी कुणी सांगितलं होतं का, विचारा."

हवालदारानं मुलाकडे पाहिलं.

"मुकादम म्हणाला, औषध आहे, धुतलं की जातं," मुलगा म्हणाला. मान खाली होती.

सून डोळे मिटून पडली. मला वाटलं, झोप लागली. मग तिनं डोळे न उघडताच विचारलं, "अहो, डबा सांडला तेव्हा टेम्पोत अजून कोण होतं?"

मुलानं मान वर केली.

"ड्रायव्हर. डबा त्याच्या सीटमागेच होता. त्याचा शर्ट, बूट, सगळं भिजलं होतं." त्यानं माझ्याकडे फोन मागितला. "काल आला नाही तो कामावर. मुकादम म्हणाला, दांडी मारली असेल."

"त्यांच्या घरी कोण असतं?"

"बायको. आणि दोन लहान मुलं."

मुलानं फोन लावला. स्पीकरवर घंटी वाजत राहिली. बाहेर सार्वजनिक नळाला पाणी आल्याचा आवाज आणि बायकांचा कालवा सुरू झाला होता. फोन कुणी उचलत नव्हतं.

हवालदारानं जबाबाचा कागद अर्धाच ठेवून टोपी डोक्यावर घातली. "पत्ता सांग," तो म्हणाला.